माइकची कांजी

"नोकरी सांभाळून छान वाजवतेस" असं मला म्हणणाऱ्या माणसांना एका रांगेत उभं केलं, तर ती रांग मारतहळ्ळीच्या पुलापासून महादेवपुऱ्यातल्या माझ्या ऑफिसच्या गेटपर्यंत सहज पोचेल. कुणाच्याही मनात वाईट नसतं, हे मला कळतं. तरी माझं डोकं फिरतं. छान वाजवते तर छान वाजवते म्हणावं, वाईट वाजवते तर तसं सांगावं. मध्ये नोकरी कशाला आणायची? पोळ्यांबद्दलही लोक हेच म्हणतात, पण ते भांडण वेगळं.

मी मूळची पुण्याची. कॉलेजात असताना गिटार हातात घेतली ती काही सोडली नाही. लग्न होऊन बंगळूरला आले तेव्हा एका खांद्यावर लॅपटॉपची बॅग होती आणि दुसऱ्यावर गिटार. आजही सकाळी तासभर वाजवल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. ऑफिसात माझं काम आहे दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढण्याचं. हे काम माझ्या स्वभावाला मानवतं, असं नवरा म्हणतो आणि लगेच खोलीबाहेर जातो.

नवऱ्याचं घर मराठी, पण कित्येक पिढ्यांपासून बंगळूरचं. चिकपेटमध्ये त्यांचं कापडाचं घाऊक दुकान आहे. सासऱ्यांना घरीदारी सगळे अण्णा म्हणतात. त्यांचं सगळं आयुष्य त्या दुकानाच्या गादीवर गेलं. सासूबाई गेल्यावर त्यांनी दुकान पुतण्याच्या हाती दिलं आणि ते आमच्याकडे राहायला आले. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मिसळलेलं असतं की सुरुवातीला मला अर्धं वाक्य अंदाजानं समजून घ्यावं लागे. आता मीच ऑटोवाल्याला "स्वल्प थांबा" म्हणते. मला ते इथल्या रीतीनं 'अम्मा' म्हणतात. बोलणं कमी, आणि कौतुक त्याहून कमी. जेवण उत्तम झालं तर "परवा इल्ला" म्हणतात, म्हणजे चालेल, वाईट नाही. माझ्या गिटारला मात्र त्यांनी इतक्या वर्षांत परवा इल्लासुद्धा म्हटलं नव्हतं. मी आत वाजवत असायचे, ते बाहेर पेपर वाचत असायचे, आणि त्यांना हा सुनेचा चाळा वाटतो अशी माझी पक्की समजूत होती.

अशात एक संधी आली. पुण्यातल्या एक बाई लहान मुलांसाठी गोष्टी ध्वनिमुद्रित करत होत्या. दहा गोष्टी, आणि प्रत्येकीच्या मागे फक्त गिटार. नात्यातल्या एका लग्नात त्यांनी मला वाजवताना ऐकलं होतं, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं, आणि चारच दिवसांनी त्यांचा अवघडलेला फोन आला. त्यांच्याकडे आवाजाचं काम बघणारे गृहस्थ तयार नव्हते. घरी केलेलं रेकॉर्डिंग हौशी लोकांचं असतं, त्यातून ही नोकरी करणारी, हिला एवढा वेळ कुठला मिळणार, असं त्यांचं म्हणणं. त्यापेक्षा इथलाच एखादा स्टुडिओतला वादक घेऊ. बाईंनी भांडून माझ्यासाठी एक सवलत पदरात पाडून घेतली होती. महिनाअखेरपर्यंत मी घरी रेकॉर्ड केलेला दीड मिनिटाचा नमुना पाठवायचा. तो त्या गृहस्थांना पटला तर दहाही गोष्टी माझ्या, नाही तर विषय संपला.

मला त्या दहा गोष्टी हव्या होत्या. इतकं सरळ मनापासून मी फार थोड्या वेळा काही मागितलं असेल. एका तरी माणसानं माझं वाजवणं नोकरी बाजूला ठेवून ऐकावं, एवढंच मला पाहिजे होतं.

माझ्याकडे माइक होता. स्वस्तातल्यात चांगला कुठला, हे दोन महिने वाचून, व्हिडिओ बघून, नवऱ्याचं डोकं खाऊन मी तो घेतला होता. जाडजूड, सोनेरी जाळीचा, लाकडी पेटीतून येणारा. पेटी उघडली की दागिना बघितल्यासारखं वाटायचं. पण मी चुका काढणारी बाई. तुलना केल्याशिवाय एकाच माइकवर विसंबायचं नाही, असं ठरवून मी आणखी तीन माइक गोळा केले. शेजाऱ्यांनी एके काळी गप्पांचा कार्यक्रम सुरू करायला काळा माइक घेतला होता. तिसऱ्या भागानंतर गप्पा संपल्या आणि माइक कपाटात गेला. तो आणला. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून पेन्सिलीसारखा बारीक, करड्या रंगाचा, दिसायला अगदी गरीब असा माइक आणला, आणि चार माइक एकदम लॅपटॉपला जोडता येतील असा डबाही त्यानंच दिला. चौथा होता आमच्या सोसायटीच्या गणपतीचा. ज्यावर आरत्या म्हणतात, बक्षिसं जाहीर करतात आणि चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांचे नंबर ओरडून सांगतात, तोच. त्याच्या जाळीला पोचा होता.

रविवारी दुपारी दोन ते चार आमच्या भागात त्यातल्या त्यात शांत असतं. पाण्याचे टँकर येऊन गेलेले असतात, कुकर झालेले असतात, वरच्या मजल्यावर काम करणारे जेवायला गेलेले असतात. मी आतल्या खोलीत कपाटाची दारं सताड उघडली, म्हणजे साड्यांनी आवाज पिऊन घ्यावा. भिंतीशी रजया उभ्या केल्या. गिटारच्या भोकासमोर माइक धरला तर आवाज नुसता घुमतो, म्हणून मान जिथे लाकडी खोक्याला मिळते तिथे, वीतभर अंतरावर, चारही माइक एकमेकांना खेटून लावले. एकदाच वाजवलं, चौघांनी ऐकलं. मग चारही फायलींना माइकांची नावं दिली, हेडफोन लावले आणि गुण द्यायला बसले. लाकडाचा आवाज, तारांची चमक, खोलीचा घुमारा असे आठ रकाने केले. तासाभरात निकाल तयार. माझा सोनेरी माइक आठही रकान्यांत पहिला.

चार वाजता अण्णा चहाला आले. माझ्या मागे उभं राहून त्यांनी बराच वेळ तो तक्ता बघितला.

"हे मार्क ऐकून दिले काय?" त्यांनी विचारलं.

"हो अण्णा. चार-चारदा ऐकून."

"पण नाव आधी वाचलं."

अण्णांनी खुर्ची ओढली. "गिरणीचा माणूस दुकानात चार नमुने घेऊन यायचा. काठावर गिरणीचं नाव छापलेलं असतंय. आमचे वडील काय करायचे, पहिले तो काठ आत दुमडायचे. मग हात लावायचे. नाव दिसलं की बोटं खोटं बोलतात, अम्मा."

ऑफिसात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी दम भरते, की ज्यानं लिहिलं त्यानं तपासायचं नाही. माणसाला आपलं ते चांगलंच दिसतं. आणि इथे माइक मीच विकत घेतलेला, वाजवलं मीच, तपासलंही मीच. एखाद्या नवख्या पोरीनं असा अहवाल माझ्यासमोर आणला असता तर मी तो न वाचता परत केला असता.

अण्णा उठून आपल्या खोलीत गेले आणि कापडाचे चार तुकडे घेऊन आले. दुकान सोडताना त्यांनी फक्त नमुन्यांची एक पिशवी बरोबर आणली होती. लाल, निळा, पिवळा, पांढरा. नवऱ्याला बोलावलं. त्यानं मला खोलीबाहेर काढून चारही फायलींची नावं पुसली आणि त्या जागी रंगांची नावं घातली. कुठला रंग म्हणजे कुठला माइक हे त्यानं एका चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी तूरडाळीच्या डब्यात खुपसून ठेवली. मी फक्त एक अट घातली, की चारही आवाज सारख्या मापाचे कर. मोठ्यानं वाजतं तेच माणसाला चांगलं वाटतं, हा अनुभव मला ऑफिसातल्या मीटिंगमध्ये भरपूर आहे.

मग मी आणि अण्णा शेजारी बसून ऐकू लागलो. निळा पहिल्या फेरीतच बाद झाला, कारण त्यानं माझ्या गिटारपेक्षा खिडकीखालचं कबूतर जास्त मन लावून ऐकलं होतं. पिवळ्यात मागे सारखी खरखर होती. अण्णा म्हणाले, "हे जाडंभरडं आहे, पण फसवत नाही." पांढरा मला सपक वाटला. आणि लाल लागला तशी मी सावरून बसले. तारा नुसत्या चमकत होत्या. प्रत्येक सूर धुऊन पुसून ताटात मांडल्यासारखा. मी म्हटलं, "अण्णा, हाच."

अण्णांचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळली जात होती, हातात कापड असल्यासारखी.

"कांजी आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"हलक्या कापडाला कांजी जास्त घालतात. दुकानात कडक, चकचकीत दिसतं. गिऱ्हाईक खूश. पहिल्या धुण्यात कांजी जाते, मग खाली चिंधी. म्हणून आम्ही कोपरा ओला करून चोळायचो. कांजी सुटली की खरं कापड हाताला लागतं." त्यांनी पांढऱ्याकडे बोट केलं. "याला कांजी नाही. लालला आहे. धुऊन बघ."

"आवाज कसा धुणार, अण्णा?"

"वापर. स्वल्प दिवस वापर. मग सांग."

मला हे पटलं नव्हतं. संगीतातलं ओ का ठो न कळणारा माणूस मला आवाज शिकवतोय, असंही मनात आलं. पण चाचणी म्हटली की मला माघार घेता येत नाही. सोमवारपासून मी दोन्ही तुकडे फोनवर घेऊन फिरू लागले. भाजी चिरताना ऐकले, ऑफिसच्या कॅबमध्ये ऐकले, रिंग रोडच्या गर्दीत अडकल्यावर ऐकले, साध्या फोनच्या स्पीकरवर ऐकले. सोमवारी लाल पुढे होता. मंगळवारी मला तो आवाज थोडा कमी करावासा वाटला. बुधवारी त्याच्या चमकत्या तारा कानात टोचायला लागल्या आणि मी तो अर्ध्यात बंद केला. पांढरा मात्र चालूच राहायचा. गुरुवारी कॅबमधून उतरताना माझ्या लक्षात आलं, की तो अर्धा तास पुन्हापुन्हा वाजत होता आणि मी माइकचा विचार एकदाही केला नव्हता. मी फक्त गिटार ऐकत होते.

शुक्रवारी सकाळी तूरडाळीच्या डब्यातून चिठ्ठी काढली. लाल म्हणजे माझा सोनेरी माइक. पांढरा म्हणजे ती करडी पेन्सिल.

मी खूप चिडले. माइकवर, दोन महिने वाचलेल्या सगळ्या मजकुरावर, नवऱ्यावर, आणि खरं सांगायचं तर अण्णांवरही. मग पांढरा पुन्हा नीट ऐकला आणि राग वेगळ्याच दिशेला गेला. कांजी नसल्यामुळे त्यात सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. माझा अंगठा आळशी आहे. खर्जाच्या जाड तारेवर तो दर चौथ्या ठेक्याला उशिरा पडतो. इतकी वर्षं मी वाजवतेय आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण नोकरी सांभाळून वाजवणाऱ्या बाईच्या अंगठ्याकडे कोण बघतं? मी अण्णांना म्हटलं, "पांढरा चांगला आहे. पण त्यात माझ्या चुका दिसतात."

त्यांनी पेपर खाली केला. "कांजी माल लपवायला घालतात. तुला काय लपवायचंय?"

त्यांनी पुन्हा पेपर वर केला, आणि मी आत जाऊन अंगठ्यावर काम सुरू केलं. पुढचे दहा दिवस मी सकाळच्या एका तासाचा दीड तास केला. रोज तेच चार ठेके, सावकाश, टिकटिक करणाऱ्या यंत्राबरोबर. या दिवसांत अण्णांचा पेपर किती सरकत होता कोण जाणे. एकदा पाणी प्यायला बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पहिलंच पान होतं आणि आठ वाजले होते.

महिना संपायला दोन दिवस असताना, रविवारी दुपारी, मी तो नमुना करड्या माइकवर रेकॉर्ड केला आणि त्यावर कसलाही साज न चढवता पाठवून दिला. चार दिवसांनी उत्तर आलं, ते थेट त्या आवाजवाल्या गृहस्थांचं. त्यांनी तीन चुका काढल्या होत्या. एके ठिकाणी बोट सरकल्याचा आवाज जास्त येतो, दुसरी ओळ जरा घाईत गेली आहे, शेवटचा सूर आणखी थोडा टिकायला हवा होता. एवढ्या दुरुस्त्या करून पुन्हा पाठवा, आणि सोबत पहिल्या गोष्टीची संहिता जोडली आहे.

ती यादी मी कितीदा वाचली असेन. चुकांच्या याद्या करण्यात माझं आयुष्य चाललंय, त्यामुळे त्या कशा वाचायच्या ते मला कळतं. तीनही चुका माझ्या वाजवण्यातल्या होत्या. घराबद्दल, खोलीबद्दल, माइकबद्दल एक अक्षर नव्हतं. नोकरीचा शब्दही नव्हता. त्या माणसानं मला वादक धरलं होतं आणि वादकाला सांगतात तसं सांगितलं होतं. मला इतका अभिमान वाटला की त्या दिवशी ऑफिसात मी कुणाच्याच कामात चूक काढली नाही. लोक घाबरले.

अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "परवा इल्ला."

दुरुस्त्या करून पाठवल्या आणि दहाही गोष्टी माझ्या झाल्या. एवढ्या कामासाठी आतल्या खोलीला जाड पडदे हवे होते. मी बाजारात बघते म्हटलं, तर अण्णा म्हणाले, "घरचं दुकान असताना?" म्हणून एका शनिवारी आम्ही दोघं मेट्रोनं, मॅजेस्टिकला गाडी बदलून, चिकपेटला गेलो. तोवर पहिली गोष्ट प्रसिद्ध झाली होती. फोनवर ती लावली की गोष्टीचं नाव दिसायचं आणि त्याखाली बारीक अक्षरात 'गिटार' आणि पुढे माझं नाव. अण्णांनी ती आपल्या फोनवर घालून मागितली होती. मी घालून दिली होती.

दुकानात पुतण्या गादीवर होता आणि समोर दावणगेरेचे दोन म्हातारे व्यापारी बसले होते. ते अण्णांचं जन्माचं गिऱ्हाईक, पण मला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मी बाजूला जाऊन पडद्याचे ताके बघू लागले. कन्नडमध्ये ख्यालीखुशाली झाली, कॉफी आली. मग अण्णांनी खिशातून फोन काढला.

"एक नमुना दाखवतो," ते म्हणाले. "हात लावून बघा."

त्यांनी ती गोष्ट लावली आणि फोन दोघांच्या मध्ये धरला. माझं नाव जिथे होतं तिथे त्यांचा अंगठा होता. एका व्यापाऱ्यानं वाकून बघायचा प्रयत्न केला, तेव्हा अण्णांनी अंगठा आणखी घट्ट दाबला आणि म्हणाले, "नाव नंतर. आधी मागची गिटार ऐका."

रस्त्यावरून हातगाड्या जात होत्या, कुणीतरी गठ्ठा खाली टाकत होतं. दोघे म्हातारे ऐकत राहिले. एकानं डोळे मिटले. पुतण्याला सगळं माहीत होतं, पण तो तोंड मिटून बसला. मी हातातल्या कापडाची घडी उलगडली आणि परत घातली. बंगळूरला आल्यापासूनच्या बारा वर्षांत मी एवढ्या मोठ्या परीक्षेला बसले नव्हते.

"चेन्नागिदे," डोळे मिटलेला म्हातारा म्हणाला. छान आहे. त्याच्यापुढे काही जोडलं नाही. दुसऱ्यानं मान डोलावली आणि विचारलं, कुणाचं आहे.

अण्णांनी अंगठा उचलला. "नम्म सोसे," ते म्हणाले, आणि माझ्याकडे हात केला. आमची सून.

दोघे वळून माझ्याकडे बघू लागले. मी नमस्कार केला. म्हाताऱ्यानं कौतुकानं मला विचारलं, की तुम्ही काय करता? हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेलाय आणि त्याचं उत्तर माझ्या ओठांवर तयार असतं, कंपनीच्या नावासकट. मी तोंड उघडलंही होतं.

पण अण्णा माझ्याआधी बोलले. "गिटार वाजवते," ते म्हणाले, आणि पुतण्याला पडद्यासाठी जाड ताका खाली काढायला सांगितलं.